पेडण्याच्या आजींना उत्तर: मोरी, मेथीची पेज आणि बाळंतिणीचं दूध

आजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला राग आधी नीट समजून घ्यायचा होता. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मोरी (शार्क मासा), मेथीची पेज, अळीव खाऊन दूध वाढतं ही अंधश्रद्धा आहे. त्यावर आजींनी कळवलं की त्यांची चार मुलं मोरीच्या सुक्यावर आणि मेथीच्या पेजेवर वाढली, दोन सुनांची बाळंतपणं त्यांनी स्वतः काढली आणि कुणालाही दूध कमी पडलं नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या बायकांमुळे मुली घरातल्या मोठ्यांचं ऐकेनाशा झाल्या आणि पावडरीचे डबे घरोघरी आले, असंही त्या म्हणतात. शेवटी एक प्रश्न आहे: चवथीनंतर नातीचं बाळंतपण त्यांच्याकडेच आहे, मग तिला खायला द्यायचं तरी काय?

आधी माझी चूक. 'अंधश्रद्धा' हा शब्द मी मागे घेते. पहाटे उठून बाळंतिणीसाठी पेज ठेवणाऱ्या बाईला तो लावायला नको होता. मेथीबद्दलही मी फार ठामपणे लिहिलं. मेथी आणि शतावरीवर छोटे अभ्यास झाले आहेत, काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. तेव्हा पेज खुशाल द्या. फक्त मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण मेथीने साखर उतरते.

पण दूध कशाने येतं यावर मी मागे हटणार नाही. वार पडली की बाईच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं. हे पेज प्यायलेल्या बाईत होतं तसंच न प्यायलेल्या बाईतही होतं. पुढे ते टिकणं मात्र बाळाच्या ओढण्यावर असतं. छाती रिकामी झाली की नवीन दूध वेगाने तयार होतं, भरलेली राहिली की बनणं मंदावतं. म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं.

आता तुमच्या सुनांची बाळंतपणं आठवा, आजी. चाळीस दिवस त्या खोलीतून बाहेर पडल्या नसतील. भांडी नाहीत, विहीर नाही, पाहुण्यांचा चहा नाही. सकाळी तेल लावून अंघोळ, शेकशेगडी, आणि बाळ अख्खा दिवस कुशीत. रडलं की अंगावर. दूध त्यातून आलं, आणि त्याच वेळी ताटात मोरी होती म्हणून श्रेय मोरीला मिळालं. तुमची पद्धत फुकट होती असं मी म्हणतच नाही. तिच्यातला जो भाग काम करत होता त्याचं नावच कुणी घेत नाही, हे मला लागतं.

फोंड्याच्या बाजूची एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर येते. अकरावा दिवस. सासूबाई दारातच म्हणाल्या, "हिचें दूद पुरना." पंपाने काढलेलं दूध त्यांनी बाटलीत मोजून ठेवलं होतं, जेमतेम दोन चमचे. मुलीच्या ताटात मेथीची पेज, अळिवाची खीर, दोन लाडू. ती रडत रडत गिळत होती. प्रत्येक पाजण्यानंतर बाळाला वरून बाटली दिली जात होती, म्हणून पुढच्या वेळी ते भुकेलं नसायचं, ओढायचं नाही, आणि छाती तशीच भरलेली राहायची.

मी तिला पाजायला सांगितलं आणि नुसती बघत बसले. बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र होतं, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. सुटलं तेव्हा स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं. आम्ही बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, त्याने मोठा आ केल्यावर हनुवटी आधी लावली. चार-पाच ओढींनंतर गिळल्याचा हलका आवाज आला. ओढ, ओढ, गिळ. सासूबाईंनीही तो ऐकला आणि हातातली वाटी खाली ठेवली. वरच्या बाटल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या. पुढच्या आठवड्यात बाळ दिवसाला सात-आठ दुपटी ओली करत होतं आणि वजन चढलं होतं. दूध पुरतंय का हे असं बघायचं. पंपाची बाटली बघून नाही.

काही बायकांना खरोखरच दूध कमी येतं. थायरॉइड, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं अशी कारणं असतात. तिथे लाडू भरवत दिवस घालवणं धोक्याचं आहे.

मग खाण्याला अर्थ नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. आईने थोडं कमी खाल्लं तरी दूध फारसं आटत नाही, शरीर ते तिच्या साठ्यातून काढतं. कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. म्हणजे झीज तिची होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने तिला रोजच्यापेक्षा 600 कॅलरी आणि सुमारे 17 ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ) आणि एक डिंकाचा लाडू एवढं हे वाढीव खाणं.

काही गोष्टी मात्र आईच्या ताटातूनच दुधात उतरतात: बी-12 आणि बी-1 ही जीवनसत्त्वं, आयोडीन, माशांतली चांगली चरबी. इथे मला आपल्या पथ्याची भीती वाटते. काश्मीरमध्ये तान्ही बाळं बी-1 च्या कमतरतेने हृदय निकामी होण्यापर्यंत पोचली होती. त्यांच्या आया बाळंतपणात पॉलिश केलेला तांदूळ आणि मोजकंच काही खात होत्या. तुमची उकड्या तांदळाची पेज इथे खरी गुणाची, कारण भात उकडताना कोंड्यातलं बी-1 दाण्यात मुरतं. पण त्याच पेजेबरोबर तांबडी भाजी (लाल माठ) वायू होतो म्हणून बंद, डाळ जड म्हणून बंद, पाणी घोटभरच, असं केलं की ते ताट उपाशी ठेवणारं होतं. पाणी तहानेइतकं द्या. जबरदस्तीने तांब्याभर पाजून दूध वाढत नाही, आणि तोडून तर काहीच साधत नाही.

मोरीबद्दल सर्वात जास्त राग आलाय, ते कळतं. चवीला ती उत्तम. पण मोरी म्हणजे शार्क, इतर मासे खाऊन जगणारा मासा, आणि त्याच्या अंगात पारा साठत जातो. जितका मोठा आणि वयस्क, तितका जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत शार्क घातला आहे. लहान मोरीत पारा कमी असतो हे खरं, पण बाजारात तुकडे घेताना मासा केवढा होता हे कुठे कळतं? तारले, बांगडे द्या. लहान मासे, पारा कमी, आणि मेंदूच्या वाढीला लागणारी चरबी भरपूर. नात शाकाहारी असेल तर दूध-दही असू द्या आणि बी-12 तपासून घ्या.

तर नातीसाठी: उकड्याची पेज, मूग, तांबडी भाजी, नाचणीची तिझान (गोड लापशी), तारले, तुमचे मेथीचे लाडूही. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर लावायला सांगा, सिझेरियन झालं तरी शक्य तितक्या लवकर. पहिलं पिवळं चीक दूध पिळून टाकू देऊ नका, मध-गूळपाणी चाटवू नका. आणि रात्री दोन वाजता ती पाजायला उठेल तेव्हा तिझानीची वाटी तिच्या उशाशी झाकून ठेवा. त्या वेळेला फार भूक लागते.