‘एक जुना पीआय’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर

एनसीसीच्या कॅडेटना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षण कसे असावे (त्यांच्यासाठी आम्ही चार दिवसांचा कोर्स चालवतो), यावर गेल्या महिन्यात मी जो लेख लिहिला, त्याखाली ‘एक जुना पीआय’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणारे गृहस्थ लष्करातून एनसीसीकडे प्रशिक्षक (पर्मनंट इन्स्ट्रक्टर, म्हणजेच पीआय) म्हणून आलेले असावेत, असे भाषेवरून वाटते. प्रतिक्रिया लहान आहे, तेव्हा ती पूर्णच देतो. (तिच्यातली ‘रोप सीट’ म्हणजे दोरानेच कमरेभोवती आणि मांड्यांभोवती बांधलेली बैठक.)

“लेख वाचला. चार दिवसांत इन्स्ट्रक्टर तयार होत नाही, प्रमाणपत्र तयार होते. पोरगा दोरावर मध्येच अडकला तर त्याला सोडवायचे कसे, यावर लेखात दोन ओळी आहेत आणि केस बांधण्यावर एक अख्खा परिच्छेद. आम्ही बावीस वर्षे रोप सीट बांधून हजारो पोरे उतरवली, एकालाही खरचटले नाही. तुम्ही मंडळींनी साध्या गोष्टीचा बाऊ करून धंदा मांडला आहे. दोराची जाडी ९ मिमी लिहिली आहे, तीही चूक.”

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण पहिल्या रात्री लिहिलेले उत्तर सकाळी मलाच वाचवेना.

आधी माझी चूक. दोराची जाडी १०.५ मिमी हवी होती, ९ पडली. आकडा दुरुस्त केला आहे आणि तो आपण नजरेस आणून दिलात याबद्दल आभारी आहे. ही चूक किरकोळ आहे असेही मी म्हणणार नाही. ११ मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर मीटरला साधारण ७५ ग्रॅम भरतो. ४० मीटरच्या कड्यावर काठाशी उभ्या असलेल्या कॅडेटच्या हाताखाली तीन किलो दोर लोंबत असतो आणि तेवढे वजन डिसेंडरला (दोर ओवून उतरण्याचा वेग आवरणाऱ्या, आठच्या आकड्यासारख्या धातूच्या साधनाला) आवळून धरते. ३५ किलोचा आठवीतला मुलगा तेथे “सर, मी खाली जातच नाही” म्हणतो तो त्यामुळे, आणि वरचे शिक्षक समजतात की पोरगा घाबरला. पातळ दोरावर तोच डिसेंडर ८० किलोच्या शिक्षकाला सुसाट सोडतो. तेव्हा आकडा महत्त्वाचा आहे. परंतु ‘तीही चूक’ यातला ‘ही’ आपण ज्या सहजतेने लिहिला आहे, तिच्यामुळे बाकीचा लेखही चूकच ठरतो, असे वाचणाऱ्याला वाटावे अशी सोय झाली आहे. एका आकड्याच्या बळावर एवढे मोठे विधान चार अक्षरांत करणे ही कला मला साधलेली नाही.

‘तुम्ही मंडळी’ म्हणजे कोण, हे आपण सांगितलेले नाही. मी स्वतः शाळेत असताना ज्युनिअर डिव्हिजनला होतो, महाविद्यालयात सीनियरला. त्यानंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अॅडव्हान्स असे २८-२८ दिवसांचे दोन्ही कोर्स केले आणि पुढे शिकवण्याच्या पद्धतीचा वेगळा कोर्सही केला. मुंब्र्याच्या आणि कान्हेरीच्या कातळावर माझ्या गुडघ्यांचे जे काही गेले ते परत आलेले नाही. धंद्याविषयी एवढेच सांगतो की, दोरालाही निवृत्तीचे वय असते. न वापरता कपाटात ठेवलेला नायलॉनचा दोरसुद्धा दहा वर्षांनंतर बहुतेक उत्पादक मोडीत काढायला सांगतात, आणि शिबिरांत वापरलेला त्याच्या कितीतरी आधी जातो. आमच्या शुल्कातून नवे दोर येतात, आणि जे उरते त्यात चार जणांचा एसटीचा प्रवास होतो. हिशेब पाहायचा असेल तर दाखवतो. पण धंदा हा शब्द आपण माघारी घ्यावा, असे मला वाटते.

आता ‘एकालाही खरचटले नाही’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य मी आजवर निरनिराळ्या तोंडांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की माझा सगळा लेखच मुळात त्याला दिलेले उत्तर होते, हे आपल्या लक्षात आले नसावे.

१९९४ च्या डिसेंबरात एका संयुक्त शिबिरात मी ज्युनिअर अंडर ऑफिसर होतो आणि रोजची नोंदवही माझ्याकडे होती. सकाळी रॅपलिंग होते. साठ फुटी कडा, एक दोर, ६२ कॅडेट आणि जेवणाच्या शिटीपर्यंत साडेतीन तास. म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटेही येत नव्हती. वेगळा बिलेचा दोर, म्हणजे उतरणाऱ्याला सांभाळणारा जादा दोर, लावलेला नव्हता. खाली एक जण दोराचे टोक धरून उभा, एवढीच सुरक्षा. दुसरा दोर होता, पण तो ट्रकमध्ये, आणि ट्रक वीस मिनिटांच्या उतारावर. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या क्रमांकाला एक मुलगी उतरू लागली. तिची वेणी गणवेशाच्या कॉलरमध्ये खोचलेली होती. काठ ओलांडताना ती पुढे वाकली, वेणी बाहेर आली आणि दहाएक फुटांवर डिसेंडरमध्ये दोराबरोबर ओढली गेली. ती किंचाळली तशी खालच्या मुलाने, त्याला शिकवले होते त्याप्रमाणे, दोर ताणून धरला. ताणला की कॅडेट जागच्या जागी थांबतो. सुटत मात्र नाही. कुणीतरी चाकू मागितला. वजन पेलणाऱ्या ताणलेल्या दोराला पाते नुसते टेकले तरी काय होते, हे तोपर्यंत आम्हां पोरांना ठाऊक नव्हते, उस्तादांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, होते. ते मोठ्याने ओरडले, “चाकू कोई नहीं निकालेगा!”

ट्रककडे धावत मी गेलो. येताना ३० मीटर दोर खांद्यावर आणि चढ. तोपर्यंत त्या मुलीला कातळात बुटाच्या टोकापुरती खाच सापडली होती आणि ती त्या खाचेवर उभी होती, मान एका बाजूला ओढलेली, दोन्ही हात डोक्याच्या वर दोराला. उस्ताद दुसऱ्या दोराने तिच्याजवळ उतरले, मुख्य दोरावर स्लिंगचा प्रुसिक (वजन पडले की दोर आवळून धरणारी गाठ) मारून त्यांनी तिच्या पायासाठी फास केला, ती त्यात उभी राहिली, डिसेंडर सैल पडला आणि वेणी निघाली. काही केस गेले. सगळे मिळून पस्तीस-चाळीस मिनिटे. ते उस्ताद आपल्यासारखेच पीआय होते आणि त्या दिवशी त्यांनी जे केले, ते आजही माझ्या कोर्समधल्या निम्म्या शिक्षकांना घड्याळ लावून करता येत नाही. आम्ही जेवणाला उशिरा पोचलो, एवढाच काय तो बोभाटा झाला.

संध्याकाळी नोंदवहीत मी लिहिले : ‘रॅपलिंग, कॅडेट ६२, अपघात : निरंक.’ मला तसे लिहायला कुणी सांगितले नव्हते. रकाना अपघाताचा होता आणि अपघात झाला नव्हता, म्हणून लिहिले.

त्या शिबिरावर जे होते त्यांच्यापैकी कुणालाही आज विचारले तर तो सांगेल की, ६२ पोरे उतरवली, एकालाही खरचटले नाही. तो खोटे बोलत नसेल. आपणही खोटे बोलता आहात असे मी म्हणत नाही, ही गोष्ट कृपा करून ध्यानात घ्यावी. पण आपल्या बावीस वर्षांत किती शर्टांची टोके, किती हेल्मेटचे पट्टे, किती वेण्या डिसेंडरमध्ये गेल्या, किती वेळा रोप सीटची गाठ अर्ध्या वाटेत ढिली दिसली आणि ‘चल चल, उतर’ म्हणून काम निभावले, याची नोंद आपल्याकडे आहे काय? माझ्याकडे २००९ पासूनची आहे. कुणाच्या बाजूने ढील जास्त पडली, कोणता स्क्रू कॅराबिनर (फिरकीने बंद होणारी धातूची कडी) उघडा राहिला आणि कुणाच्या लक्षात आला, सगळे लिहितो. ती वही वाचून कोणाला मी अडाणी वाटेन, तर वाटो. केस बांधण्यावर अख्खा परिच्छेद का, याचे उत्तर वर आले आहे.

‘बाऊ’ या शब्दावरही थोडे. जुलै २०१८ मध्ये कोइंबतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात दुसऱ्या मजल्यावरून खाली धरलेल्या जाळीत उडी मारायची होती. एक विद्यार्थिनी कचरत होती. प्रशिक्षकाने तिला ढकलले. खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर डोके आपटून ती गेली. त्याचे चित्रण सगळ्या देशाने पाहिले, आणि तो प्रशिक्षक आमच्याकडचा नाही, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगावे लागले. तेथे दोर नव्हता, कडा नव्हता, आणि आपण म्हणता तशी गोष्ट साधीच होती. मुलांना गणवेश घातला की हे अधिक कठीण होते, कारण कॅडेट उस्तादाला ‘नाही’ म्हणत नाही. एकता आणि अनुशासन हे त्याने पाठ केलेले असते. म्हणून आमच्या कोर्सचा पहिला अर्धा दिवस दोराला हात न लावता जातो. शिक्षकाने कॅडेटला कसे विचारायचे, कुठे उभे राहून विचारायचे (काठावर नव्हे, काठापासून मागे, बाकीच्यांना ऐकू येणार नाही असे), आणि नकार आला तर त्या मुलाला दुसरे कोणते काम द्यायचे म्हणजे त्याची मान खाली जाणार नाही, एवढेच आम्ही करतो. याला बाऊ म्हणायचे असेल तर मी तो पुढेही करीन.

रोप सीटबद्दल भांडण नाही. ती मलाही डोळे मिटून बांधता येते आणि कोर्समध्ये ती शिकवतो, कारण अडचणीच्या वेळी कामास येते. मात्र साठ मुलांना साठ वेळा थकल्या हातांनी बांधलेली सीट आणि शिवलेला हार्नेस (अंगात घालायचा पट्ट्यांचा तयार संच) या दोन गोष्टी सारख्या नाहीत, आणि कंबर अजून न भरलेल्या लहान मुलांना नुसता कमरेचा हार्नेसही पुरत नाही, छातीचा जोडावा लागतो. हे आपल्याला मी सांगावे असे नाही.

अडकलेल्या मुलाला सोडवण्यावर लेखात दोनच ओळी आहेत, हे खरे. ती वाचून शिकण्याची गोष्ट नाही, या समजुतीने मी तेथे हात आखडता घेतला. वरची हकीकत सांगून मी आपलाच मुद्दा मांडला, असे आपण म्हणाल, म्हणा. तत्त्व तेवढे येथे देतो. मुख्य दोर अँकरला (वरच्या पक्क्या आधाराला) कायमची गाठ मारून बांधायचा नाही. अँकरवरच्या कॅराबिनरमध्ये इटालियन हिच (दोर सावकाश सरकू देणारी गाठ) घेऊन तो म्यूल गाठीने (वजन असतानाही सोडता येणाऱ्या गाठीने) अडवायचा आणि कड्याच्या उंचीइतका दोर वर शिल्लक ठेवायचा. बिलेचा दोर वेगळा, वेगळ्या अँकरवर, वेगळ्या माणसाकडे. कुणी अडकले की बिले ताणायचा, मग म्यूल सोडून मुख्य दोर सावकाश ढिला करायचा. वजन बिलेवर येते, डिसेंडर सैल पडतो आणि शर्टाचे टोक मुलगा स्वतःच्या हाताने काढतो. कुणी खाली उतरायला नको, चाकू नको, आणि ट्रकपर्यंत धावणारा कॅडेटही नको. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक शिक्षकाच्या डिसेंडरमध्ये जुन्या चादरीची पट्टी मुद्दाम अडकवतो, त्याला लोंबकळत ठेवतो आणि वरच्याला घड्याळ दाखवतो. पहिल्या फेरीत सहा-सात मिनिटे लागतात. लोंबणाऱ्याला ती फार वाटतात, त्यामुळे तो वर आल्यावर बिलेच्या दोराची कुरकुर करत नाही.

चार दिवसांचा मुद्दा राहिला. चार दिवसांत गिर्यारोहक होतो असे मी कोठेही लिहिलेले नाही. हा कोर्स एका मोजलेल्या कड्यावर, आधी तपासून ठेवलेल्या अँकरवर, ठरलेल्या पद्धतीने कॅडेट उतरवण्यापुरता आहे, आणि प्रमाणपत्रावर तसे छापलेले आहे. त्याहून अधिक दिवस शाळा शिक्षकांना सोडत नाहीत. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी. आज ते करत बसलो तर उत्तर लेखाहून लांब होईल. प्रमाणपत्र तयार होते, हा टोमणा मात्र मला लागला, कारण मागच्या तुकडीत दोघांना मी ते दिले नाही आणि त्यांपैकी एक माझा जुना मित्र आहे, तो अजून फोन उचलत नाही.

पुढची तुकडी जानेवारीत दुसऱ्या शनिवारपासून आहे. चादरीची पट्टी अडकवण्याचा दिवस रविवारी असतो. सकाळी साडेसहाला पायथ्याशी जमतो. आपण यावे, वर म्यूल गाठीपाशी उभे राहावे आणि घड्याळ आपल्या हातात घ्यावे. आपल्या मापाचे हेल्मेट आमच्याकडे आहे. नाव न घालता येऊ नये, एवढीच विनंती. नोंदवहीत ते लिहावे लागते.