सांदवाडीचं रिसॉर्ट करताना

ताडोबाच्या जंगलाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचं घर आहे आणि अजून त्याला 'रिट्रीट' असं नाव दिलेलं नाही? मग भाऊ, तुम्ही करता तरी काय? धानच लावत बसता का?

घराला हात लावायचा नाही, फक्त शब्द बदलायचे. अंगणातली बाज म्हणजे 'चांदण्यांखालची शय्या'. तुमचे पोट्टे ज्या ढेमशाच्या भाजीवर नाक मुरडतात, ती 'आजीच्या हातची पारंपरिक चव'. आजी नसेल तर काकूला नऊवारी नेसवा. लाईन गेली की तो 'डिजिटल उपवास', त्याचे वेगळे पैसे लावा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की 'उबदार आदरातिथ्य' हे शब्द तर खोटेही ठरत नाहीत.

मग रेटकार्ड. १९७४ मध्ये टवर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चाक १० वर थांबलं त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वर थांबलं त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नव्हता, पण आधी कानावर पडलेला आकडा डोक्यात खुंटा ठोकून बसला. तुम्हीही सगळ्यात वर लिहा, 'व्याघ्रराज सूट, २५,००० रुपये'. ही खोली बांधायची गरज नाही, ती कायम भरलेली दाखवायची. तिच्याखाली गोठ्याला लागून असलेली खोली ६,९९९ ला ठेवली की पुण्याचा पाहुणा स्वस्तात मिळाली म्हणून बायकोला फोन करतो.

'फक्त एकच खोली शिल्लक' हे वाक्य लाल अक्षरांत हवंच. तुमच्याकडे मुळात एकच खोली, म्हणजे बोलण्यात खोट नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली, आणि तिच्यात खोटी घाई पहिल्याच नंबरावर आहे. थेंबाथेंबाने वाढत जाणारी किंमतही त्याच यादीत सापडेल. तेव्हा जपून. ठिबक सिंचनाला सबसिडी असते, ठिबक किमतीला नाही.

पण खरी कमाई वाघात आहे. 'वाघ दिसेल' असं कधी लिहू नका, उद्या कोणी पैसे परत मागेल. 'तो तुम्हाला पाहत असेल' असं लिहा. हे खोटं आहे असं सिद्ध करायला कोणाला जंगलात जायचंय? मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो आणि पावसाळ्यात तर तीन महिने बंद, तेव्हा 'निसर्गाचा मौनकाळ' म्हणून तीच खोली विका. आणि वाघ खरंच आला, रात्री गोठ्यातून गाय ओढून घेऊन गेला, तर सकाळी दोन मजकूर तयार करायचे. वनविभागाच्या अर्जात 'माझी दुभती गाय मारली गेली असून पंचनामा करून नुकसानभरपाई मिळावी ही विनंती'. फेसबुकवर 'काल रात्री आमच्याकडे एक खास पाहुणे जेवून गेले'. दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नका, वनरक्षकालाही फेसबुक येतं. एप्रिलच्या ज्या पहाटे जिप्सीतला पाहुणा वाघ दिसावा म्हणून नवस बोलतो, त्याच पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया तो दिसू नये म्हणून बोलतात. माहितीपत्रकात पहिला नवस छापा. दुसऱ्याला फोटो चांगला येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर बोअर आटली हे पाहुण्याला कळता कामा नये. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेलच्या पाट्यांवर अभ्यास झाला होता, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' म्हटल्यावर सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला' म्हटल्यावर ४९ टक्क्यांनी. म्हणजे पृथ्वीपेक्षा आधीच्या पाहुण्याची भीड जास्त. तुम्ही बादलीवर चिकटवा, 'या खोलीतले बहुतेक पाहुणे अर्ध्या बादलीत आंघोळ करतात'. घरचे तर पाव बादलीत करतात, पण तेवढं खरं बोलायची गरज नाही.

एकच अडचण उरते. उन्हाळ्यात मामाचा फोन येईल, पोराबाळांना घेऊन आठ दिवस येतो म्हणून. मामालाही 'फक्त एकच खोली शिल्लक' हे ऐकवता येईल, ६,९९९ चा आकडाही सांगता येईल. त्याआधी फक्त आई घरात नाही ना, हे पाहून घ्या.