मेगापिक्सेलचा बागुलबुवा

‘24 मेगापिक्सेलच्या खालचा कॅमेरा नवशिक्यांनी घेऊच नये, प्रिंट फाटते (म्हणजे फोटोत ठिपके दिसतात),’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ए4 आकाराच्या 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) प्रिंटला जेमतेम 9 मेगापिक्सेल पुरतात. जुना 16 चा सेकंडहँड कॅमेराही चालेल.

वाचलेले पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 एमएमची किट लेन्स 55 वर एफ/5.6 पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), तर 50 एमएम एफ/1.8 सुमारे दहापट प्रकाश आत घेते. घरातल्या ट्यूबलाइटखाली हा फरक लगेच दिसतो. (क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, 50 ची चौकट अरुंद पडते, छोट्या खोलीत 35 बरी.)

निकॉन डी3500 सारख्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे स्वस्तातली जुनी एएफ-डी लेन्स (निकॉनची, फोकससाठी बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असणारी) तिच्यावर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. दुकानदार हे क्वचितच सांगतो.