"स्टेट मिनिमम घ्या, बाकी सगळं एजंटचं कमिशन" हा मेसेज चुकीचा आहे

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, "मावशी, हे खरंय का गं, मी उद्या गाडीच्या विम्याची पॉलिसी घेतेय." ती गेल्याच महिन्यात टेक्सासहून सॅन होजेला आलीये. मेसेज कॅलिफोर्नियात नवीन आलेल्यांसाठी म्हणून फिरतोय आणि त्यात चार गोष्टी सांगितल्यात. सरकारने ठरवलेलं किमान कव्हर, म्हणजे स्टेट मिनिमम १५/३०/५ (आकडे हजार डॉलरमध्ये) पुरेसं असतं, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (विमा नसलेल्याने ठोकलं तर उपयोगी पडणारं कव्हर) नको म्हणून सही करा, जुन्या गाडीला कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान भरणारं कव्हर) घेऊ नका, आणि दुसऱ्या राज्यातली पॉलिसी संपेपर्यंत इथे चालते.

पहिलं तर आकडाच जुना आहे. १५/३०/५ हे १९६७ पासून चालत आलेलं, १ जानेवारी २०२५ पासून ते ३०/६०/१५ झालंय, डीएमव्हीच्या (इथलं आरटीओ) साईटवर सरळ लिहिलंय, दोन मिनिटं लागतात बघायला. म्हणजे एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, अख्ख्या अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६० हजार, आणि समोरच्याच्या गाडीबिडीला १५ हजार. त्याच कायद्यात २०३५ ला ५०/१००/२५ करायचं आत्ताच ठरवून ठेवलंय. सरकारलाच जे कमी पडतंय असं वाटतं ते आपल्याला पुरेसं कसं होईल?

आणि मेसेजमधलं ते वाक्य, "भारतात थर्ड पार्टीवरच आयुष्यभर गाडी चालवली ना", त्याचा मला खरंच राग आला, कारण आपली माणसं नेमकी इथेच फसतात. भारतात थर्ड पार्टीत समोरचा माणूस दगावला किंवा जखमी झाला तर ट्रिब्युनल ठरवेल ती भरपाई विमा कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही, मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख. इथे मर्यादा तुम्ही पॉलिसी घेताना निवडता आणि तिच्या वरचा सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो. तुमच्या चुकीने नव्या कॅमरीला धडक बसली आणि ती टोटल झाली, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर १५ हजारांत ती येत नाही, आतल्या माणसाचं एक ऑपरेशन झालं की ३० हजार संपले, मग तो कोर्टात जातो आणि वसुली तुमच्या पगारातून होऊ शकते. शिवाय या लायबिलिटीतून, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या कव्हरमधून, तुमच्या स्वतःच्या गाडीला किंवा हाडाला एक पैसा मिळत नाही.

म्हणूनच अनइन्शुअर्ड मोटरिस्ट नको म्हणून सही करू नका. विमा नसलेल्याने तुम्हाला ठोकलं तर तुमच्या उपचाराचे पैसे त्यातून येतात. कंपनीने ते तुम्हाला देऊ करणं कायद्याने बंधनकारक आहे, तुम्ही लेखी नाकारलं तरच ते जातं, यावरूनच समजून घ्या.

कोलिजनचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. गाडी फार जुनी असेल, तिची किंमतच फारशी उरली नसेल तर सोडा. पण लोन किंवा लीजवर असेल तर बँक सोडू देत नाही, ते मेसेजमध्ये नाही.

दुसऱ्या राज्यातली पॉलिसी फिरायला आलात तर चालते. राहायला आलात की २० दिवसांत गाडी इथे रजिस्टर करायची आणि विमा इथला दाखवायचा.

भाचीला १००/३००/१०० चा कोट काढायला सांगितलंय, अनइन्शुअर्ड मोटरिस्टही १००/३००. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्याखाली हे टाका.