काका, शेवटचं बोला

नाणेवाल्याच्या दुकानात शिरताना चेहरा असा ठेवावा, की आपण फक्त पत्ता विचारायला आलो आहोत. ज्या नाण्यापायी गेले तीन शनिवार झोप उडाली आहे, ते काचेखाली डाव्या कोपऱ्यात दिसलं तरी तिकडे बघायचं नाही. उजव्या कोपऱ्यातली सात-आठ नाणी मागून घ्यावीत, उलटीपालटी करावीत, एखादा सुस्कारा सोडावा आणि निघता निघता सहज विचारावं, “आणि हे काय आहे हो?” तीस वर्षं त्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पत्ता विचारायला आलेला माणूस खिशात दहापट भिंग घेऊन का हिंडतो, असा प्रश्न त्याला पडत नाही.

आता घासाघीस. ती सभ्यपणेच करायची, हे आधी ठरवून टाकू. सभ्यपणे म्हणजे आवाज न चढवता, अधूनमधून “काका” म्हणत, समोरच्याच्या मालाची अब्रू काढायची. नाणं हातात आलं की पहिलं वाक्य तयार हवं: “काळपट पडलंय हो फार.” चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडतेच, तो थर चढायला वर्षानुवर्षं लागतात आणि तो शाबूत असेल तर नाण्याला कुणी घासलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे काका तुम्हाला सांगतील. दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवून दाखवतील. काळपट थराखालून प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी गरगर फिरताना दिसेल. “ही झळाळी ठशाची आहे,” ते म्हणतील, “नाणं पाडताना धातू दाबाखाली बाहेरच्या बाजूला सरकतो ना, त्याच्या रेषा आहेत या. एकदा गेल्या की परत येत नाहीत.” तुम्ही सगळं लक्षपूर्वक ऐकावं, मान डोलवावी आणि म्हणावं, “ते खरंय काका, पण काळपट आहेच ना?”

नाणं धरायचीही रीत आहे. दुकानदार मंडळी ते दोन बोटांत फक्त कडेला धरतात, तेही खाली मऊ कापड अंथरून, जणू नुकतंच जन्मलेलं बाळ आहे. तुम्ही असले लाड करू नका. अंगठा थेट नाण्यावरच्या राणीच्या गालावर टेकवा आणि दाबून धरा. घामातल्या क्षारांनी आणि आम्लांनी तो ठसा काही दिवसांत धातूत कायमचा उमटतो, त्यामुळे नाण्यावर तुमचीही छाप राहते. पुढच्या भेटीत तोच डाग दाखवून म्हणता येतं, “इथे काहीतरी लागलेलं दिसतंय.” शिवाय नाणं खणखणीत वाजवून घ्यावं, असं आपली भाषाच सांगते. तेव्हा ते काचेवर एकदा दणकन आपटा. कडेला खोक पडली, तर भाव आणखी उतरवायला एक मुद्दा हाती आला.

पुढचा विषय दर्जाचा, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा. इथे थोडा इतिहास माहीत असलेला बरा, म्हणजे बोलण्याला वजन येतं. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जुन्या, तांब्याच्या, मोठ्या आकाराच्या एक सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. कल्पना अशी, की १ दर्जाच्या नाण्याला जितके पैसे पडतील त्याच्या सत्तरपट ७० दर्जाच्या नाण्याला पडावेत. तो हिशेब बाजाराने लवकरच मोडीत काढला, पण आकडे टिकले, आणि आज ६४ की ६५ या एका घरावरून किंमत दुप्पट होऊ शकते. हे गृहस्थ मोठे रसिक होते. एवढे, की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणेअभ्यासकांच्या संस्थेच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी त्यांनी काढून घेतली आणि त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवली, हे पुढे उघडकीला आलं. म्हणजे दर्जा ठरवायची पट्टी ज्याने दिली, त्याने स्वतः घासाघिशीची कटकटच ठेवली नव्हती. आपल्याला एवढी मजल मारता येणार नाही. आपण फक्त विकत घेताना ६५ला ५८ म्हणावं, आणि तेच नाणं विकायला काढलं की ६६.

नाण्याचं वय हे मात्र दुधारी हत्यार आहे, बेतानेच वापरा. माझ्या ओळखीतल्या एकाने काउंटरवर ताठ मानेने सांगितलं होतं, “काका, १७८० सालचं आहे, अडीचशे वर्षं होत आली!” नाणं होतं मारिया थेरेसाचं थेलर, म्हणजे एक मोठं चांदीचं नाणं. ऑस्ट्रियावर राज्य करणारी ही सम्राज्ञी १७८० साली वारली, पण तांबड्या समुद्राच्या आसपासच्या व्यापाऱ्यांचा विश्वास त्याच चेहऱ्यावर आणि त्याच सालावर बसलेला होता. त्यामुळे टाकसाळींनी तीच तारीख घालून नाणी पाडणं चालू ठेवलं. विसाव्या शतकात तर व्हिएन्नाच्या जोडीने रोम, पॅरिस आणि लंडनलाही ती पडली. काकांनी भिंगही उचललं नाही. “१७८०चंच आहे,” ते म्हणाले, “सगळी १७८०चीच असतात.” आमच्या मित्राला हे कौतुक वाटलं.

आणि जुनं म्हणजे महाग, हा समज स्वतः नाणं विकत असाल तेव्हाच बाळगा. चौथ्या शतकातली रोमन ब्राँझची नाणी जमिनीतून इतकी निघाली आहेत, की नवशिकेही ती सहज घेऊ शकतात. उलट १९३३ सालचं २० डॉलरचं एक अमेरिकी सोन्याचं नाणं २०२१ साली लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेलं, कारण त्या साली पाडलेली जवळजवळ सगळी नाणी वितळवून टाकली होती. म्हणजे विकत घेताना म्हणायचं, “काका, जुनं आहे, झिजलंय.” आणि विकायला गेलात की, “काका, जुनं आहे, बघा तरी!”

मोबाइल काढायची वेळ साधारण इथे येते. नेटवर तुमच्या नाण्यासारखं दिसणारं एखादं नाणं काकांच्या निम्म्या भावात सापडेलच. त्याचा फोटो धूसर असेल, विकणारा कोण ते कळत नसेल, वजन दिलेलं नसेल, पण भाव तर लिहिलेला आहे! तो स्क्रीन काकांच्या नाकासमोर धरा. लिलावाचे निकाल दाखवत असाल, तर हातोडा पडला तेवढीच रक्कम दाखवा. तिच्यावर लिलाववाले आपलं वेगळं शुल्क लावतात, पुष्कळ ठिकाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास, शिवाय टपालखर्च आणि विमा. त्या खोलात शिरू नका. काका विचारतील, “मग तिथूनच का नाही घेत?” यावर रागावायचं नाही. “तुमच्यावर विश्वास आहे ना,” असं म्हणायचं. ज्या विश्वासाचे पैसे आपण याच क्षणी कापून मागतो आहोत, तोच पुढे करायला थोडा सराव लागतो.

“तुम्हाला केवढ्याला पडलं?” हा प्रश्नही विचाराच. डॉक्टरला, वकिलाला, भाड्याचं घर दाखवणाऱ्याला आपण असं विचारत नाही, पण नाणेवाला घरचाच. हे नाणं ज्या डब्यातून आलं, त्यात आणखी दोनशे निकामी नाणी होती आणि ती सगळी एकगठ्ठा घ्यावी लागली, हे तो सांगू लागला तर घड्याळाकडे बघा. सहा वर्षं पैसे अडकवून हेच नाणं या मखमलीवर पडून होतं, हे त्याच्या तोंडून निसटलं, तर मात्र लगेच पकडा: “बघा, म्हणजे कुणी घेतच नाही!”

सोन्या-चांदीच्या गुंतवणुकीच्या नाण्यांवर सगळ्यात चिवटपणे झुंजावं. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, बाजारभाव दोघांच्याही मोबाइलवर, आणि दुकानदाराला मधे सुटतो तो जेमतेम. तिथे तासभर घालवण्यातच खरी चिकाटी दिसते. तेवढ्यात भाव वर गेला, तर तो त्याने मुद्दाम वाढवला असं समजा.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणं हा संकुचितपणा झाला. समजा एक वयस्कर बाई वडिलांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या आहेत. काका एकेक नाणं कापडावर मांडतायत आणि कागदावर आकडे लिहितायत. या धंद्यात दुसऱ्याचा व्यवहार चालू असताना तोंड उघडणं हे अगदी शेवटच्या पायरीचं मानतात. तुम्ही त्या जुनाट रिवाजाला भीक घालू नका. पुढे वाका आणि हळूच म्हणा, “मावशी, बाहेर या, मी जास्त देतो.” काकांच्या पेनाचं टोक कागदावर थांबेल. ते वर बघणार नाहीत. ही त्यांची सभ्यता, तुमची तुम्ही दाखवलीच आहे.

आता एका बावळट जमातीपासून सावध करतो. हे लोक नाणं कडेला धरून बघतात, आवडलं तर आवडलं म्हणतात आणि एकदाच विचारतात, “यात काही कमी होईल?” होईल म्हटलं तर घेतात, नाही म्हटलं तर घेतात किंवा आभार मानून परत ठेवतात. तीन-चार नाणी एकदम घेणार असतील तर मिळून एक भाव मागतात आणि पैसे तिथल्या तिथे मोजतात. ठरलेला भाव पैसे देताना पुन्हा उकरून काढत नाहीत. अशांना घासाघिशीतला ओ की ठो कळत नाही. नवा माल आला की दुकानदार त्यांना स्वतः फोन करतो, त्यांच्यासाठी काउंटरखालचा कप्पा उघडतो. कप्प्यात काय असतं ते मला माहीत नाही. मी दुकानात असताना तो नेहमी बंदच असतो.

मी हे सगळं अधिकाराने सांगतोय, कारण राणीचं ते काळपट चांदीचं नाणं मी स्वतः मिळवलं, अकरा वर्षांपूर्वी. चार शनिवार लागले. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो, एकदा तर चप्पल घालून झाली होती. शेवटी काकांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “न्या.” त्या एका शब्दाने मला जो आनंद झाला, तो नाण्याने झाला नसता. आणि भाव ज्या काळपटपणावर पाडला, तो तसाच ठेवून कसं चालेल? घरी आल्या आल्या टूथपेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला आणि बेसिनपाशी तो डाग धुऊन काढला. पाणी करडं झालं, आणि नाणं आरशासारखं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा नामी बनावट नाणी पाडणारा होता. ताजी पाडलेली नाणी तो लोखंडाच्या किसाने भरलेल्या पेटीत घालायचा, पेटी घोडागाडीला खालून बांधायचा आणि म्हाताऱ्यांना फिरवून आणतो म्हणायचा, असं सांगतात. नव्याला जुनं करायला त्या माणसाला मैलोगणती धक्के खावे लागले. मी जुन्याला नवं केलं ते पाच मिनिटांत, बसल्या जागी.

गेल्या महिन्यात पैशांची थोडी नड होती म्हणून तेच नाणं घेऊन काकांकडे गेलो. आता ते थकलेत, पण बैठक तीच. त्यांनी कापड अंथरलं, नाणं कडेला धरलं आणि दिव्याखाली तिरकं करून फिरवलं. मग उलट बाजूने फिरवलं. भिंग लावून गालावरच्या केसासारख्या बारीक रेघा बघितल्या, सगळ्या एका दिशेने गेलेल्या. मी म्हटलं, “काका, आता काळपट नाही बघा.”

“नाही ना,” ते म्हणाले, “छान चमकतंय.”

आणि त्यांनी शेजारचा काटा पुढे ओढला, त्याचा आकडा शून्यावर आणला आणि नाणं हळूच पारड्यात ठेवलं.

“बरं झालं आज आलात. चांदीला भाव चांगला आहे.”