वाचता येणार नाही असा स्क्रीनशॉट कसा लावावा

मॅन्युअल लिहिताय? मग स्क्रीनशॉट जेपीजीमध्येच सेव्ह करा. १९९२ सालचं हे मानक फोटोंसाठी बनलं, म्हणून काय झालं? आकाशात किंवा गालावर रंग हळूहळू बदलतो, तिथे थोडा तपशील गाळला तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. तुमच्या पडद्यावर पांढऱ्यावर काळी, रेखीव अक्षरं असतात. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातलं बारीकसारीक कापतं आणि अक्षरांभोवती माश्या बसल्यासारखे करडे ठिपके येतात. शिवाय रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवरच साठवतात, त्यामुळे सगळ्यात आधी फिसकटतो तो लाल एरर मेसेज. म्हणजे वाचायचा असतो नेमका तोच.

क्वालिटी साठवर आणा. सपाट रंगांच्या पडद्याची पीएनजी, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली चित्राची फाइल, पुष्कळदा जेपीजीपेक्षा लहान भरते, पण तपासून कोण बघतंय!

जीआयएफही चालेल. त्यात मिळणारे २५६ रंग म्हणजे काय कमी झाले?

चित्र चॅटवर पाठवा, तिथून उतरवा, बाण काढा, परत सेव्ह करा, साहेबांनी सांगितलं की बाण हलवून परत सेव्ह करा. दर फेरीला थोडं थोडं झिजतं.

कोणी बोंब मारलीच तर फाइलच्या नावातलं जेपीजी खोडून पीएनजी लिहा.

आणि कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायचा हुकूम? ती तर चित्रातच द्या. परवा रात्री अशीच एक कमांड माझ्या वाट्याला आली. एक हायफन की दोन? एल की एक? शून्य की ओ? तीन जागा संशयाच्या, म्हणजे आठ शक्यता. आठही टाइप करून पाहिल्या. रात्रीचा दीड वाजला. एकही चालली नाही, म्हणजे चौथी जागाही पुसट असणार आणि ती मला दिसतसुद्धा नाहीये! झूम केलं तर नुसता चिखल.

अहो, कमांड मजकूर म्हणून द्यायला काय होतं? कॉपी करून घेतली असती, झोपलो असतो. पडद्याचं चित्र पीएनजी नाहीतर लॉसलेस (काहीही न गाळणारी) वेबपी, तेही न ताणता, न आक्रसता. जेपीजी फोटोला. सेव्ह करताना यादीतलं जेपीजी सोडून पीएनजी निवडायचं, एवढंच काम आहे, आणि तेवढंही तुमच्याच्याने होत नाही? जेपीजीची पीएनजी करून पाठवू नका, गेलेलं परत येत नाही. मूळ चित्र असेल तर ते आजच चढवा. नसेल तर पडदा उघडून नव्याने काढा. ती चौथी जागा कुठली, ते मला बघायचंय.