पेन्सिलीतल्या बुड्या

नाशिककराला पाण्याची खोली मीटरमध्ये सांगितली की काही कळत नाही. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्ही एवढंच विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? गुडघे, कंबर, छाती, गळा. संपलं आमचं मोजमाप. त्यामुळे स्कूबाच्या सरांनी पहिल्या दिवशी पूलच्या काठावर उभं राहून "इथे दीड मीटर आहे, काकू" असं सांगितलं, तेव्हा मी हिशेब केला की एवढ्या पाण्याची मारुतीरायाने दखलही घेतली नसती.

त्या पाण्यात मी सात रविवार बुडत होते.

डिसेंबर-जानेवारीतले रविवार, सकाळचे सात. नाशिकची डिसेंबरातली थंडी ज्याने पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको. बाकीचं गाव मफलर गुंडाळून मिसळीच्या रांगेत, आणि मी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पाठीवर सिलिंडर, पायात बदकासारख्या फिन्स, कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा अशी पाण्याकडे उलटी चालत. शिसं अशासाठी की माणूस आपला आपण बुडत नाही. मला तर वर्गातल्या सगळ्यांपेक्षा एक वडी जास्त लागली. "चरबी तरंगते, काकू," सर म्हणाले. पंचवीस वर्षांचा मुलगा, पण विज्ञान सांगत होता म्हणून सोडून दिलं. घरी हे म्हणाले, "वजन कमी करायला गेलीस आणि बांधून घेऊन आलीस!"

खरी परीक्षा मास्कची. पाण्याखाली गुडघ्यांवर बसायचं, मास्कची कड जरा उचलायची, आत पाणी येऊ द्यायचं, मग वर बघत मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. ऐकायला पोळी लाटण्याइतकं सोपं. पण पाणी नाकाशी आलं की एकोणपन्नास वर्षांची सवय जागी होते आणि माणूस नाकाने श्वास आत घेतो. क्लोरीनचं ते पाणी नाकातून टाळूला, टाळूवरून थेट मेंदूला लागतं. पहिल्या खेपेला मी अशी उसळून वर आले की काठावरच्या जीवरक्षकाने चहाचा कप खाली ठेवला.

आणि तो अंगठा! सर खाली खुणेने विचारायचे, ठीक आहे ना? ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. मी आपली सवयीने अंगठा दाखवायचे. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". सर इमानदारीत मला वर न्यायचे. वर आल्यावर मी विचारायचे, "का आणलंत? मस्त चाललं होतं की!" असं चार वेळा झालं.

तर या सगळ्याची नोंद करायला मी एक छान लॉगबुक आणलं होतं. पहिल्याच रविवारी संध्याकाळी आल्याचा चहा घेऊन बसले आणि लिहिलं: बुडी क्रमांक 1. दृश्यमानता 25 मीटर, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत. जीवसृष्टी: केसांची क्लिप एक, बँडएड एक, वॉटर एरोबिक्सच्या बायकांचे पाय असंख्य. सातव्या रविवारी सरांना सही मागितली तर ते वही चाळून हसायला लागले. म्हणाले, "काकू, पूलचं धरत नाहीत. पेनने लिहू नका."

धरत नाहीत? लंगडीत पाय टेकल्यासारखं?

मग मिसळ खाता खाता वाद झाला. सरांचं म्हणणं, कोर्समध्ये समुद्रातल्या चार बुड्या धरतात, त्यांचाही नियम आहे. बराचसा वेळ पाच मीटर किंवा त्याहून खोल, आणि साधारण वीस मिनिटं तरी पाण्याखाली. पूल म्हणजे सराव. मी म्हटलं, तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत ना, श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना हवा फुगते आणि दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते? फुप्फुसाला कुठे ठाऊक असतं की ही बुडी वहीत धरत नाहीत?

सर पाव मोडत राहिले.

मी पुढचं हत्यार काढलं. 300 मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात बुडी मारली तर ती उंचीवरची बुडी, तिचं शिक्षणही वेगळं, हे मी त्यांच्याच पुस्तकात वाचलं होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे साध्या बुडीचं सोडाच, मी तर अवघडातली केली! सरांना तर्रीचा ठसका लागला. तेवढ्यात मी ठेवणीतला मुद्दा टाकला. आमच्या आजेसासूबाई आंघोळीच्या बादलीत हात घालून "गंगे च यमुने चैव" म्हणायच्या आणि त्या पितळी बादलीत सात नद्या हजर व्हायच्या. बादलीत सात नद्या मावतात, तर पूलमध्ये एक अरबी समुद्र का मावू नये?

"मग सिंहस्थात रामकुंडावर एवढी गर्दी का होते, काकू?"

मुलगा मुंबईचा, पण बोलला मात्र अस्सल पंचवटीचं.

वर त्याने समजावलंही. वहीतला आकडा आपल्या कौतुकासाठी नसतो. उद्या अनोळखी बोटीवरचा माणूस तोच आकडा बघून ठरवतो, या बाईंना प्रवाहात सोडायचं की किनाऱ्याजवळ ठेवायचं. डाइव्हमास्टर, म्हणजे बाकीच्यांना पाण्याखाली घेऊन जाणारा वाटाड्या, व्हायचं तर शिकायला बसण्याआधीच 40 बुड्या लागतात. "पूलच्या धरल्या असत्या तर कॉलेजात असतानाच माझ्या हजार झाल्या असत्या." हे पटलं. पटलेलं नवऱ्याला सांगत नाहीत, तसं मी सरांनाही सांगितलं नाही. घरी जाऊन सातही नोंदी खोडल्या आणि पेन्सिलीने पुन्हा लिहिल्या.

फेब्रुवारीत मालवणला चार बुड्या झाल्या. समुद्रात मी पूलपेक्षा जास्त तरंगते, खारं पाणी जड, म्हणून आणखी शिसं. पंचवीस मीटर दृश्यमानता विसरा. आठ-दहा हातांवर सरांच्या पिवळ्या फिन्स दिसत होत्या, एवढंच पुष्कळ. दुसऱ्या बुडीत पुढच्या माणसाची लाथ माझ्या मास्कला बसली आणि आत पाणी आलं. मी वर बघितलं, कड दाबली, फूं केलं. पाणी गेलं. मग कुठे लक्षात आलं की आपण घाबरायचं विसरलो. आता ही नोंद कुठल्या बुडीखाली करायची? पेनातल्या दुसऱ्या, की पेन्सिलीतल्या तिसऱ्या?

चारही नोंदींवर शिक्का बसला.

परवा शेजारच्या वहिनी मालवणहून आल्या. सहलीतली स्कूबा करून, व्हिडिओसकट. मागून एकाने सिलिंडर धरलेलं, वहिनींचे दोन्ही हात हवेत, म्हणजे पाण्यात, आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्यासारखा भाव. दहा मिनिटं असेल.

"माझी पण एक बुडी झाली हं!"

"ती धरत नाहीत, वहिनी," माझ्या तोंडून गेलं.

"का बरं? समुद्रातच तर होती."

मी नियम सांगितले. पाच मीटर, वीस मिनिटं, मागून कोणी धरलेलं चालत नाही, सगळं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बशीतला चिवडा निवडत विचारलं, "तुमच्या किती झाल्या मग?"

"अकरा," मी म्हटलं.